अकरा एकांची संख्या

६ जानेवारी, मंगळवार

शी! वहीच्या पानावर आज पुन्हा थुंकीचा ठसा. हजारदा सांगितलं की पान कोपऱ्याला धरून उलट, पण धाकटी बोट जिभेला लावल्याशिवाय पानाला हात लावत नाही. वर मलाच विचारते, "ताई, पानं चिकटतात का हो ही?" चिकटतील नाहीतर काय करतील!

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. दोघींचेही नवरे गेले, मुलं आपापल्या ठिकाणी, आणि या चार खोल्यांत आम्ही दोघी उरलो. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. ती शर्टांच्या कारखान्यात तपासणीला होती. दिवसभर शर्ट उलटे करायचे आणि शिवणी बघायच्या. शाळा सातवीत सुटलेली. असल्या बाईला जोडीला घेऊन मी दीड वर्षं एका संख्येच्या मागे लागले आहे, हे कुणाला सांगितलं तर हसतील. हसू देत.

संख्या अशी: अकरा एक ओळीनं लिहायचे. ११,११,११,११,१११. अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. या घरात काही बोलून बरं वाटावं असं हे एवढंच आहे.

ही मूळसंख्या आहे की नाही, हा प्रश्न. मूळसंख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाही पूर्ण भाग जात नाही ती. स्वतःच्या दैनंदिनीत हे लिहायची काही गरज नव्हती, पण वर्गात सांगून सांगून जिभेला वळण पडलं आहे. वाचनालयातल्या तक्त्यात एक कोटीपर्यंतच्याच संख्या दिल्यात. म्हणजे पुढचं आपलं आपण. हिला भाग गेलाच तर तो अशाच मूळसंख्येनं जाईल, जिच्यातून एक वजा केल्यावर बावीसनं भाग जातो. ही युक्ती माहीत असल्यामुळे दहा हजार भाजकांचे हजारावर आले. वर्गमूळापर्यंत, म्हणजे एक लाख पाच हजार चारशे नऊपर्यंत बघायचं, पुढे गरज नाही. दर भाजकाची वहीत एक ओळ; एक मी करते, एक धाकटी. भागाकाराची रीत तिला मीच नव्यानं शिकवली, त्यात माझे केस पिकले.

९ जानेवारी, शुक्रवार

संपलं! दुपारी पावणेचारला शेवटचा भाजक केला. बाकी उरली. म्हणजे एकाही भाजकानं पूर्ण भाग गेला नाही. अकरा एकांची संख्या मूळ आहे, आणि हे मी माझ्या हातानं तपासलं आहे.

मला वाटलं आता मला काहीतरी होईल, म्हणजे रडू वगैरे. पण समोर धाकटी भोकाड पसरून रडायला लागली आणि बाहीला नाक पुसलं. बाहीला! माझं रडू जागच्या जागी आटलं. उठून हात धुतले.

१२ जानेवारी, सोमवार

शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापिकेला मी मनात गोडबोली म्हणते. तिच्या टेबलावर प्लास्टिकची फुलं आणि त्या फुलांवर बोटभर धूळ. खोलीत कसलासा फवारा मारलेला, नाकातून थेट डोक्यात गेला. "अय्या बाई, तुम्ही! किती दिवसांनी! बसा ना, बसा!" असं म्हणत तिनं माझे दोन्ही हात धरले. तिचे तळवे घामानं ओले होते.

आठ वर्षांपूर्वी वार्षिक परीक्षेच्या पेपरात मी घातलेलं एक गणित सुटेना. आकडा उतरवताना हात चुकला होता. पालक बोंबलत आले. सगळ्या शिक्षकांसमोर हीच बया म्हणाली होती, "होतं हो, वय झालं की होतं असं." दोन महिन्यांनी जी खुर्ची माझी व्हायची तिच्यात ही जाऊन बसली.

तेव्हा मी एकोणीस दिवस खोलीचं दार उघडलं नव्हतं. धाकटी रोज दाराबाहेर झाकलेलं ताट ठेवायची आणि तासाभरानं तसंच उचलून न्यायची. झाकणीच्या त्या खळ्ळकन आवाजानं माझी आणखीनच चिडचिड व्हायची. विसाव्या दिवशी हिनं डॉक्टर आणून दार तोडायला लावलं. सगळा जिना बघायला जमला. तो तमाशा मी तिला अजून माफ केलेला नाही.

असो. शाळेत गणिताची नवी खोली झाली आहे. चौदा फेब्रुवारीला तिचं उद्घाटन. विद्यापीठातले प्राध्यापक येणार. मी माझ्या संख्येबद्दल बोलले तर गोडबोलीचे डोळेच विस्फारले. दहा मिनिटं मी बोलायचं, आणि दाराच्या वर भिंतीवर हातभर उंचीचे अकरा एक रंगवायचे, खाली माझं नाव. प्राध्यापकांना दाखवायला वही मात्र नीट हवी म्हणाली. आमच्या कच्च्या वहीवर चहाचे डाग आहेत, ते अर्थात माझे नाहीत.

१७ जानेवारी, शनिवार

पक्की वही धाकटीला लिहायला दिली. मनात नव्हतं, पण तिचा आकडा टपोरा येतो हे कबूल करायला हवं. मी भाषण लिहीन, ती ओळी उतरवेल.

आता बघते तर काय, बाई दिवसाला चाळीस ओळींच्या वर जात नाहीत! का, तर ती प्रत्येक ओळ गुणून बघते. भागाकाराला भाजकानं गुणायचं, बाकी मिळवायची, आणि अकरा एक आले तरच वहीत उतरवायचं. अगं, पण आपण प्रत्येक ओळीचा नवाचा ताळा घेतलाय ना! अंकांची बेरीज करत जायची, नऊ सोडून द्यायचे, शेवटी दोन्हीकडे सारखं उरलं की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम. शतकानुशतकं शहाणी माणसं असाच ताळा घेत आली.

"ते खरं हो ताई," म्हणाली, "पण शर्ट उलटा केल्याशिवाय आतली शिवण दिसत नाही. मला बाई उलटं करून बघितल्याशिवाय सही करवत नाही."

सही! हिची सही मागितलीय कुणी? आणि हे सगळं ती कसल्या कागदांवर करते, तर साबणाच्या वेष्टनांवर आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. टेबलावर तेलकट कागदांचा ढीग झालाय. त्यातला एक माझ्या चहात बुडाला. चहा ओतून दिला.

२४ जानेवारी, शनिवार

काल सकाळपासून धाकटी एकाच ओळीवर बसली आहे. गुणते, खोडते, नखं कुरतडते, पुन्हा गुणते. कुरतडलेली नखं टेबलावर! मी मागून जाऊन बघितलं. कागदावर उत्तर होतं १११११६५११११. अकरा एकांच्या रांगेत मधेच एक सहा आणि एक पाच घुसलेला. मला हसूच आलं.

"दीड वर्षं शिकवून तुला साधा गुणाकार येईना?" म्हटलं. "हे सहा-पाच कुठून आणलेस? शेजारून उसने?"

तिनं कागद घडी करून कमरेला खोचला. मग म्हणाली, "ताई, भागाकारात तुमची कधी चूक झाली आहे का?"

माझी! मी फक्त बघितलं तिच्याकडे. ती उठून भांडी घासायला गेली.

२ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीचं काहीतरी बिनसलंय. जेवताना घास तोंडात ठेवून बसते, चावत नाही. समोर बसून ते बघवत नाही. विचारलं तर "काही नाही".

आज मी भाषण म्हणून दाखवत होते. "या संख्येला तोडणारं कुणी नाही" या वाक्याला मला वाटलं होतं ती टाळी वाजवेल. ती म्हणाली, "ताई, समजा ती मूळ नसली तर काय होईल?"

"तर दीड वर्षं मी झक मारली असं होईल."

"नाही म्हणजे, नसली तरी संख्या चांगलीच की. दोन तुकडे झाले तर ते दोन तुकडेही..."

मी कागद आपटला. म्हटलं, तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही, आजपर्यंत कधी बघवलं नाही. त्या खुर्चीच्या वेळी सगळ्या जिन्याला गोळा करून तू माझी शोभा केलीस आणि आता हे अपशकुनी बोलणं. मी सभेत उभी राहणार, माझं नाव भिंतीवर येणार, आणि तुझं काय येणार, तर काही नाही, म्हणून पोटात दुखतंय. आणखीही बोलले. सगळं इथे लिहीत नाही.

ती म्हणाली, "बरं." बस, एवढंच. मला तिच्या या "बरं"चा भयंकर तिटकारा आहे. मातीच्या गोळ्यावर बुक्का मारल्यासारखं वाटतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

पक्की वही पुरी झाली म्हणाली. निळा पुठ्ठा घातलाय. एकदा चाळावी असं मनात आलं, पण तिच्या ओल्या बोटांनी उलटलेली ती पानं हातात घ्यावीशी वाटेनात. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली. प्राध्यापक बघतील आणि त्यांना माहीत नसेल, त्यांचं बरं आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

किळस! किळस! दुसरा शब्द नाही.

सभा अकराला. नऊ वाजता मी कपडे करून, वही पिशवीत घालून तयार. तेवढ्यात न्हाणीघरातून आवाज. धाकटी जमिनीवर बसलेली आणि भडाभडा ओकतेय. माझ्या चपलांवर. नव्या चपला! "ताई, मला सोडून जाऊ नका, पोटात कसंतरी होतंय, मी काही वाचत नाही." माझा पदर म्हणू नये, बाही म्हणू नये, जे हाताला लागेल ते तिनं धरून ठेवलं.

काय करणार? नाक दाबून तिचं सगळं पुसलं. तीन बादल्या पाणी गेलं. खालच्या मजल्यावरून शाळेत फोन करून सांगितलं की घरात आजारपण आहे. डॉक्टर साडेअकराला आला. पोट दाबलं, जीभ बघितली आणि म्हणाला, "यांना काही झालेलं नाही. काही खारट खाल्लंत का?" धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली. डॉक्टर गेल्यावर स्वयंपाकघरात गेले तर मिठाची बरणी निम्मी रिकामी आणि ओट्यावर पेल्याच्या तळाशी मिठाचा थर. आजारी असताना ही बाई काय शिजवत होती देव जाणे. ओटासुद्धा पुसला नव्हता.

दहा मिनिटं. उभ्या आयुष्यात मला कुणी दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं, ती हिनं ओकून टाकली.

१५ फेब्रुवारी, रविवार

गोडबोलीचा निरोप आला. प्राध्यापकांची गाडीच चुकली, म्हणून काल सगळंच रद्द झालं. आता पुढच्या शनिवारी, एकवीसला. "तुम्ही नसतात तर करमलंच नसतं" असंही सांगून पाठवलंय. तिची साखर तिलाच लखलाभ.

मी उड्या मारायच्या बाकी होते. धाकटीला सांगितलं तर तिला आनंद व्हायचा सोडून तोंड उतरलं. "पुन्हा?" म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. असूया माणसाला किती कुरूप करते हे मी आज डोळ्यांनी बघितलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कसं लिहू ते कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी मनाचा हिय्या करून पक्की वही उघडली. पान उलटत गेले. पहिला चतुर्थांश संपता संपता एक ओळ कोरी दिसली. भाजक लिहिलेला, २१६४९, पुढे काही नाही. डोकंच फिरलं. प्राध्यापकांनी हे भोक बघितलं असतं तर? कच्ची वही काढली. ओळ माझ्या हातची होती: भागाकार ५,१३,२६३, बाकी २०,४२४, शेजारी ताळ्याची खूण. मी पेन घेऊन लिहायला लागले तर धाकटी आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

"ताई, ती ओळ भरू नका."

"का?"

"उलटी केली की सुटत नाही ती." तिनं कमरेचा कागद काढला. घड्या पडून पडून फाटायला आलेला. "हे बघा. सहा आणि पाच येतात. दर वेळी तेच येतात."

म्हटलं, तुझा गुणाकार तुला लखलाभ, बस इथे, मी तुझ्यासमोर भागाकार करून दाखवते. केला. पहिला पाचाचा भाग, बाकी २८६६. मग एकाचा, बाकी ७०१२. मग तिनाचा, बाकी ५१७४. इथे माझी नजर कच्च्या वहीवर गेली. तिथे मी ५७१४ लिहिलं होतं. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, एक आणि सात इकडचे तिकडे. पुढचे तीन आकडे कसे काढले मला आठवत नाही. शेवटी एकही उरला नाही. शून्य.

ताळा जुळणारच होता. अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, नवाच्या ताळ्याला ती चूक दिसतच नाही. हे मी दर वर्षी मुलींना फळ्यावर करून दाखवायचे. एकतीस वर्षं!

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"तेवीस जानेवारीपासून. पण मला वाटलं माझंच चुकतंय. तुम्ही म्हणालात ना, गुणाकार येत नाही म्हणून. मग रोज एकदा करत राहिले. पंचवीस वेळा केला हो."

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगायला आले होते एकदा. तुम्ही केवढ्यानं ओरडलात." मग कागदाची घडी घालत म्हणाली, "आणि ताई, मला ती ताटं परत दाराबाहेर ठेवायची नव्हती. त्या वेळी एकोणीस दिवस मी दाराला कान लावून बसायचे, तुम्ही आत हलताय का ते ऐकायला."

मी विचारलं, "आणि शनिवारी ते मीठ?"

"चार चमचे. कोमट पाण्यातून."

"मूर्ख आहेस तू! काही झालं असतं म्हणजे?"

"मग दुसरं काय सुचणार मला? मी काय शिकलेली आहे का?"

मी उठून खोलीत गेले. दार लावलं नाही. ती उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, मी जेवते का बघायला. जेवले. ताट पुरं रिकामं केलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

अकरा एक म्हणजे २१,६४९ गुणिले ५,१३,२३९. सकाळपासून किती वेळा गुणलं. दर वेळी अकराच्या अकरा एक रांगेत येऊन उभे राहतात.

मोठा तुकडा आणखी फुटतो का? सातशे सोळापर्यंतचे भाजक बघायचे, आमच्या नियमात बसणारे फक्त बाराच आहेत. ते बाराही मी केले आणि प्रत्येक धाकटीनं उलटा करून बघितला. मीच सांगितलं तसं करायला. फुटत नाही. म्हणजे बरोबर दोन तुकडे, दोन्ही मूळ. हे तर पहिल्यापेक्षा सुंदर आहे. पण अडीचशेव्या ओळीच्या आधीच काम संपलं होतं आणि पुढचं सव्वा वर्ष आम्ही नुसती हमाली केली, हे आठवलं की स्वतःच्या हाताची शिसारी येते.

भाषण नवं लिहिलं. त्यात ओळ घातली: "हा भाजक मला नव्हे, माझ्या धाकट्या जावेला सापडला, माझी चूक तिनं पकडली." तिला वाचून दाखवली. तिचे कान लाल झाले. "अगंबाई, माझं कशाला," म्हणाली आणि लगेच कपाटातून तिचे चांगले कपडे काढून इस्त्री करायला घेतले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सभा झाली.

सभागृहाला ताज्या रंगाचा वास, खुर्च्या चिकट. गोडबोलीनं माझी ओळख करून देताना "आमच्या जुन्या, वयोवृद्ध" असं दोनदा म्हटलं. पहिल्या रांगेत प्राध्यापक, कानात बोट घालून बसलेले. त्यांच्या मागे माझ्या वेळचे सगळे शिक्षक, त्या चुकलेल्या पेपराच्या वेळी खाली बघणारे. तिसऱ्या रांगेत धाकटी, इस्त्रीच्या कपड्यांत ताठ बसलेली.

मी बोलले. आवाज छान लागला. दोन तुकडे फळ्यावर लिहिले तेव्हा प्राध्यापकांनी बोट कानातून काढलं. म्हणाले, हे दोन भाजक जाणकारांना जुनेच ठाऊक आहेत, कुणी ही संख्या मूळ म्हणालं असतं तर मला हसू आलं असतं. पण घरी बसून, हातानं इथवर येणं ही मोठीच गोष्ट आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गोडबोलीसुद्धा. माझ्या पुढच्या कागदावर ती ओळ होती. मी कागद उलटला आणि त्याच्या पुढचं वाचलं.

तरी प्राध्यापकांनी विचारलंच. "एवढ्या भागाकारांत चुका किती झाल्या बाई? आणि नेमका भाजक हाती कुणाच्या लागला?"

मी म्हणाले, "चूक एकही नाही. भाजक मला सापडला."

टाळ्या झाल्या. मी तिसऱ्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. सगळ्यांत जोरात तीच वाजवत होती. हात डोक्याच्या वर नेऊन.

घरी येताना म्हणाली, "काय खणखणीत बोललात हो ताई." तिनं चहा केला. माझ्या हातात पेला दिला. मी तो मोरीत ओतला. आज त्यात कागद पडला नव्हता की काही नाही. मलाच माझ्या तोंडाची घाण येत होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी तिच्यासमोर बसले. ती कांदा चिरत होती.

"काल मी खोटं बोलले," म्हटलं.

"ऐकलं की मी."

"मग टाळ्या कसल्या वाजवत होतीस?"

"तुमचं चांगलं झालं म्हणून." तिनं कांद्यानं पाणावलेले डोळे बाहीला पुसले. "आणि मीही पोटदुखीचं खोटंच बोलले होते ना. फिटंफाट झाली."

"फिटंफाट कशी होईल? तुझं खोटं माझ्यासाठी होतं. आणि माझंही माझ्यासाठीच होतं."

तिनं उरलेला कांदा चिरून संपवला. मग म्हणाली, "बरं." मी तिथून उठले. मला दुसऱ्या कुणाचा राग आला असता तर किती सोपं झालं असतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

शाळा भरायच्या आत गेले. गोडबोलीला तिच्या त्या धुळकट फुलांसमोर, दोन शिक्षक बसलेले असताना, सगळं सांगितलं. चूक माझी होती, कच्च्या वहीत आहे, बघा. ती पकडली माझ्या जावेनं, भाजकही तिचाच. सभेत मी खोटं बोलले. शिक्षकांनी खाली बघितलं, जसं तेव्हा बघितलं होतं. गोडबोली हसून म्हणाली, "अहो बाई, कशाला एवढं मनाला लावून घेता? दोघींचं आडनाव एकच ना? मग त्यांचंही आलंच की त्यात."

मी म्हटलं, "नाही आलं."

गणिताच्या खोलीपाशी रंगारी शिडीवर होता. अकरा एक वाळले होते. खाली माझं नाव अर्धं लिहून झालं होतं. त्याच्या तोंडाला तंबाखूचा भपकारा येत होता, तरी शिडीखाली जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, हे नाव पुसा. त्यानं कुरकुर केली. रंग ओला आहे तोवर पुसा म्हटलं. त्यानं चिंधीनं पुसलं आणि विचारलं, "मग लिहू काय?"

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. चौतीस वर्षं एका घरात काढली. मी तिला अगं म्हणाले, धाकटी म्हणाले, चिडल्यावर काय काय म्हणाले. तिचं नाव मला ठाऊक होतं, पत्रांवर रोज बघत होते. ते माझ्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. आज काढलं तर इतकं बारीक निघालं की रंगारी शिडीवरून वाकून म्हणाला, "काय म्हणालात? जोरात सांगा."

जोरात सांगितलं. पूर्ण सांगितलं. तो लिहीपर्यंत तिथेच उभी राहिले. शेवटचं अक्षर तिरकं आलं मेल्याचं. पुसून पुन्हा लिहायला लावलं.